पासष्ट नंबरवर कोण बसलं

३ ऑक्टोबर १९९४

आशालता, हे वाचायला घेतलंस तर आधी चष्मा शोध. फ्रिजवर बघ, मग देवघरात, मग स्वतःच्या डोक्यावर. परवा फोनवर तू मला तिसऱ्यांदा विचारलंस की स्वरूप हल्ली काय करतो. मी तिसऱ्यांदा सांगितलं आणि तू म्हणालीस, "अगंबाई, हे नव्हतं सांगितलंस." तेव्हाच ठरवलं, तुला आता तोंडी काही सांगायचं नाही. रोजचं लिहून ठेवायचं आणि दिवाळीला तू आलीस की वही पुढ्यात टाकायची. विसरलीस तर पान उलटून परत वाच, माझा घसा वाचेल.

मला अक्षर येत नाही, हे तरी तुझ्या लक्षात असेल. मी बोलते, सुरुची लिहिते. सुरुची म्हणजे विघ्नेशची बायको. तिच्या लग्नात तू पंगतीत दोनदा श्रीखंड घेतलंस, त्यावरून आठवेल. माझं माहेर मिठागराकडचं, मी पानी म्हणते, ती पाणी लिहिते. मी म्हटलं, लिही तुझ्या शाळेचं, आशाला सगळं चालतं.

तर स्वरूप काय करतो? तुझ्या भावानं, श्रीरंगनं, माडीवरच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन दिलाय. त्यावर विघ्नेश आणि स्वरूप दोघं मिळून प्रोग्राम लिहितात. प्रोग्राम म्हणजे त्या यंत्राला द्यायची कामाची शिकवणी. विघ्नेश श्रीरंगचा, स्वरूप तुझ्या बहिणीचा, आपल्या रंभाचा. रंभा गेली तेव्हा तो दप्तर घेऊन माझ्याकडे आला, तो इथलाच झाला. आता त्याला पहिलं मोठं काम मिळालंय, सातिवलीला, आल्बिनाच्या मुलाच्या, फर्डिनंडच्या, रंगाच्या कारखान्यात. हे नीट झालं तर आजूबाजूचे कारखानेही बोलावतील, नाही झालं तर पोराचं नाव सुरू व्हायच्या आत संपेल. असं तोच म्हणतो. आल्बिना आठवते ना? माझ्याबरोबर वर्षानुवर्षं केळीचे घड घेऊन बाजारात बसायची ती. हो, तीच, जिच्याकडे तू नाताळात आजारी पडेस्तोवर खाल्लंस.

५ ऑक्टोबर

आज घट बसले. स्वरूप जेवायला खाली आला तो बोटांना शाई लावून. मी म्हटलं, "कॉम्प्युटरवर काम करतोस की सायकल दुरुस्त करतोस?"

"लेबल छापत होतो आजी. आज जमलं!"

पोरगा इतका खूश होता की मला विचारावंच लागलं, काय जमलं. विचारलं ते चुकलं. भात गार होईस्तोवर सांगत बसला. पण सांगतो छान. सुरुची, सगळं लिही, आशाला कळू दे तिचा भाचा काय चीज आहे.

"फर्डिनंडकडे काटा आहे ना, त्यावर रंगाचं पिंप ठेवलं की वजन विघ्नेशदादाच्या प्रोग्रामला कळतं. पिंपावर चिकटवायचं लेबल छापतो माझा प्रोग्राम. आता दादाच्या प्रोग्रामला कळलेलं वजन माझ्या प्रोग्रामला कसं कळणार?"

"विचार की त्याला."

"मी विचारून काय होतंय? प्रोग्रामनं विचारायला पाहिजे. आणि ते दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत. दुसरा कुठे राहतो हेही माहीत नसतं."

"मग शेजारी कसले?"

"म्हणून मी तिसरा एक बारका प्रोग्राम ठेवलाय. तो कोपऱ्यात बसून राहतो, उठून जात नाही."

"माझ्यासारखा."

"हो, पण तो गप्प असतो."

विघ्नेश, सुरुची सगळे हसले. मीही हसले, पण वाढताना त्याच्या ताटात पापडाचा मोडका तुकडा टाकला.

तर त्या गप्प बसणाऱ्याला एक नंबर असतो. काही नंबर म्हणे कोणाचेच नाहीत, आपल्यासारख्यांसाठी मोकळे ठेवलेत. त्यातला पासष्ट स्वरूपनं घेतला. काट्याच्या प्रोग्रामनं पासष्टला हाक मारली की चाललेलं काम जिथल्या तिथे थांबतं. कोपऱ्यातला उठतो, वजन घेऊन ठेवतो, पुन्हा बसतो, आणि थांबलेलं काम होतं तिथून पुढे चालू. लेबलवाल्यानं हाक मारली की तसंच, फक्त या खेपेला तो वजन देतो. थांबलेल्याला कळतही नाही आपण थांबलो होतो.

मी म्हटलं, "यात नवीन काय? हा तर आपला पाट झाला."

तुला आठवत असेल, नसेल. आपली विहीर एक आणि वाड्या तीन. एकजण केळीच्या आळ्यांना पाणी फिरवत असतो. मधेच पलीकडून कोणी आरोळी देतो, माझी रोपं सुकली, मला घेऊ दे. तर हा हातातलं आळं तसंच सोडतो, तिथं काठी रोवतो आणि पाट त्याला देतो. त्याचं झालं की तो स्वतः येऊन त्या काठीपाशी पाणी लावून देतो आणि मगच घरी जातो. मधे तिसरा आला तर तो दुसऱ्याला सोडणार, दुसरा पहिल्याला. ज्यानं आडवं घेतलं त्यानं आपल्या मागच्याला मोकळं करायचं. आपल्याकडे यावरून कधी तंटा झाला नाही.

स्वरूप ताटावरून उठायचाच राहिला. "आजी, अगदी हेच! नंबरवर नवीन कोणी येऊन बसला तर त्यानं जुन्याचा पत्ता लक्षात ठेवायचा आणि आपलं झालं की जुन्याला हाक द्यायची. ती एक ओळ लिहावीच लागते."

विघ्नेश ऐकत होता. त्यानं विचारलं, "आणि तिसऱ्यानं मागच्याला पाणी सोडलंच नाही तर गं आजी?"

"तर मागच्याची केळी वाळतात, आणि लोक त्यालाच आळशी म्हणतात. पाट कुठे अडलाय ते बघायला कोण जातंय?"

विघ्नेश हसला आणि भात मागितला.

९ ऑक्टोबर

दुपारभर माडीवर आकडे चालले होते. स्वरूप विरारला गेलेला. सुरुची वर बसून विघ्नेशला वजनं वाचून दाखवत होती आणि छपाईचं यंत्र करकरत होतं. मी खाली झेंडू निवडत ऐकत होते. आधी आकडे वेगवेगळे होते. मग सुरुची म्हणाली, "अहो, परत तेच आलं. मी पन्नास सांगितलं, यानं बेचाळीसच छापलं." विघ्नेश म्हणाला, "येऊ दे." पुन्हा बेचाळीस, पुन्हा बेचाळीस. मला वाटलं, बरं आहे बाई, माझे पाढे असे असते तर मीही शिकले असते.

सुरुची खाली आली ती चेहरा पाडून. काय झालं विचारलं तर डोकं दुखतंय. मी म्हटलं, नुसतं डोकं की सकाळी मळमळतंयही? तर लाजली नाही, तोंड फिरवलं. आत्ताही बघ, लिहिता लिहिता थांबली. म्हणे रिफिल संपली. अगं, कालच नवीन घातलीस ना?

दसरा

कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला. स्वरूपनं त्याला कुंकू लावलं, म्हटलं, बेतानं, यंत्र आहे ते, नवरी नव्हे. सोनं वाटून झाल्यावर विघ्नेश एक फ्लॉपी खिशात घालून स्कूटरवर सातिवलीला निघाला. काट्याच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती, दसऱ्याच्या मुहूर्तावर चढवतो म्हणाला.

स्वरूप म्हणाला, "मी येऊ दादा?"

"तू कशाला? काट्याचंच आहे, तुझ्याकडच्याला हात लावायचा नाही. तू सण कर."

किती सांभाळून घेतो त्याला! मला बरं वाटलं. मी उद्या राहिले नाही तरी हे दोघं एकमेकांना धरून राहतील.

१८ ऑक्टोबर

फर्डिनंड आला होता. एरवी "कशी आहेस सुभद्राआजी" केल्याशिवाय पायरी चढत नाही, आज चपलांसकट ओटीवर. सगळ्या पिंपांवर लेबलं गेलीत ती एकाच वजनाची. लहान पिंप, मोठं पिंप, सगळी तेवढ्याचीच. गिऱ्हाइकानं आख्खा टेम्पो परत पाठवला.

"लेबल कोणाचं?" त्यानं विचारलं.

"माझं," स्वरूप म्हणाला.

"मग लेबलवर वजन चुकलं तर कोणाचं चुकलं?"

 विघ्नेश म्हणाला, "मी बघतो फर्डिनंडभाई. तुम्ही शांत व्हा." स्वरूप तसाच उपाशी सातिवलीला गेला आणि संध्याकाळी उतरलेल्या तोंडानं परत आला. काटा बरोबर दाखवतोय, त्याचं लेबलही बरोबर लिहिलेलं आहे, तरी जुनंच वजन छापतंय. कुठे चुकलं सापडत नाही म्हणाला.

तो वर गेल्यावर विघ्नेश माझ्याजवळ पडवीत येऊन बसला. किती दिवसांनी बसला! माझ्या पायाला तेल लावत म्हणाला, "आजी, तुला म्हणून सांगतो. त्याला बोलू नकोस. तू पाटाचं सांगितलंस ना, तसंच झालंय. मी काट्याचं पाणी सोडतोय, पण स्वरूपनं मधे जो बसवलाय तो अडवून धरतो, पुढे सोडतच नाही. घाईत लिहिलंय त्यानं. मी किती दिवस झाकू?"

मला लगेच समजलं. त्या यंत्रातलं मला पहिल्यांदा कोणाच्या मदतीशिवाय समजलं, म्हणून जरा फुशारकीही वाटली, खोटं कशाला सांगू. वाईट वाटलं ते वेगळंच. रंभाचं पोर, हुशार आहे, पण उतावळं. रंभाही तशीच, दूध उतू जाण्याआधी साय काढायला जायची.

सुरुची, लिही. हात का थांबला? नवऱ्याचं कौतुक चाललंय, आनंदानं लिही.

१९ ऑक्टोबर

सकाळी आल्बिना आली. मुलानं पाठवलं असणार, पण तसं म्हणाली नाही. टोपलीतून उकडायला कणगीचे कंद दिले, गुडघ्यांची चौकशी केली, मग म्हणाली, "सुभद्रा, फर्डिनंडला त्या यंत्रातलं कळत नाही, मलाही नाही. दोघं तुझेच. तू खोटं बोलणार नाहीस. चूक कोणाची ते सांग, तो त्याच्याप्रमाणे करील."

मी सांगितलं, स्वरूपची. हेही सांगितलं की पोर वाईट नाही, त्याला थोडं शिकू दे. पण तोवर काम विघ्नेशकडेच राहू दे.

तिनं माझा हात धरला. "तुला किती जड गेलं असेल."

जड गेलं खरं. पण रक्त बघून मी न्याय कमी-जास्त केला नाही. आशा, तू लहान असताना गोळी चोरल्याबद्दल मी तुलाही चोपलं होतं. ते तुला आठवेल, असलं तू विसरत नाहीस.

२० ऑक्टोबर

स्वरूप सकाळी माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला. आंघोळ करून आलेला, केस ओले.

"आजी, आल्बिनामावशीला तू सांगितलंस?"

"सांगितलं. चूक झाली तर चूक म्हणावी."

"तुला कोणी सांगितलं?"

"मला डोळे नाहीत? पाटाचं मीच तुला समजावलं होतं, आता तू मला विचारतोस?"

त्यानं मान हलवली. मग अगदी शांतपणे म्हणाला, "काल रात्री सापडलं मला. पासष्टवर माझा माणूस नाहीये. माझ्यानंतर दुसराच कोणी येऊन बसलाय, आणि तो मागे वळून बघतच नाही."

"कोण दुसरा?"

तेवढ्यात विघ्नेश चहाचा कप घेऊन दारात आला. स्वरूपनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "जाऊ दे," म्हणाला.

मला रागच आला. चूक कबूल करायची नाही आणि भुतं दाखवायची. मी म्हटलं, "बसलाय म्हणे कोणी! त्याला सांग, आजी विचारतेय, जेवायला थांबणार का?" विघ्नेश मोठ्यांदा हसला. स्वरूप हसला नाही. कपडे एका पिशवीत भरले, चार फ्लॉप्या घेतल्या, माझ्या पाया पडला आणि गेला. विरारला कॉम्प्युटर शिकवण्याच्या क्लासमध्ये ओळख आहे, तिथे राहतो म्हणाला.

येईल दोन दिवसांत. भूक लागली की सगळे येतात.

२३ ऑक्टोबर

आला नाही.

हे पुढचं कसं लिहून झालं ते आधी सांगते. मी नेहमीसारखी बसले आणि सुरुचीला म्हटलं, लिही, रंभाच्या मुलानं माझ्या तोंडाला काळं फासलं. इतकं वाढवलं आणि एक शब्द लागला तर घर सोडून गेला, मागे वळून बघितलं नाही.

सुरुचीनं पेन मिटून ठेवलं.

"काय गं?"

"मी हे लिहिणार नाही."

"तुझ्या पदरचं काय जातंय?"

"आजी, तुम्हाला वाचता येत नाही. मी काय लिहिलं ते तुम्हाला कळणार नाही. मी दुसरंच काही लिहिलं असतं तरी तुम्ही 'छान' म्हणाला असता. पण मी रोज तुम्ही सांगितलं तस्संच लिहिलंय. आजचं नाही लिहिणार, कारण खोटं आहे."

आणि मग तिनं सांगितलं. नवरात्रातल्या त्या रविवारी आकडे चालले होते ना, तेव्हाचं. विघ्नेशनं काट्याच्या नव्या प्रोग्राममध्ये तोच पासष्ट नंबर घेतला. आधी मागच्याला हाक देणारी ओळ लिहून बघितली. लेबलं बरोबर आली. मग ती ओळ काढून टाकली. लेबलावर बेचाळीस अडकलं. सुरुचीनं विचारलं, हे असं का? तर म्हणाला, चाचणी आहे. पुन्हा पुन्हा करून बघितलं, बेचाळीस. मग तीच फ्लॉपी खिशात घालून दसऱ्याला सातिवलीला नेली.

"मला वाटलं नंतर ओळ परत घालतील," सुरुची म्हणाली. "फर्डिनंड आले त्या दिवशी मला कळलं. मी यांना म्हटलंही. तर म्हणाले, तू यात पडू नकोस."

मी तिला विचारलं, "विसरला असेल का गं? ती ओळ?"

"आजी, आधी घातली होती. मग काढली."

 मग म्हटलं, लिही हे सगळं.  तिनं लिहिलं. ती लिहिताना रडत होती, आणि मला तिचाही राग येत होता. इतके दिवस तीही माझ्यासमोर बसून मी केलेलं त्याचं कौतुक लिहीत होती. हेही लिही सुरुची. लिहिलंस? बरं.

२४ ऑक्टोबर

विघ्नेशला पडवीत बोलावलं. तो तेलाची वाटी घेऊन आला. म्हटलं, वाटी ठेव.

त्यानं नाकारलं नाही. इथेच मला मोठा धक्का बसला, बघ. तो ओरडला असता, बायकोवर खापर फोडलं असतं, तर मी म्हटलं असतं चला, लाज आहे थोडी. तो म्हणाला, "आजी, तिथं दोघांना पुरेल एवढं काम नाही. स्वरूप एकटा जीव, तो कुठेही जाईल. मला उद्या मूलबाळ होईल. फर्डिनंडला एकच माणूस ठेवायचा होता, आणि तो स्वरूपला ठेवणार होता. लेबलं आवडली होती त्याला."

"मग जाऊन म्हणायचंस, मला ठेव."

"म्हणालो होतो."

 मग विचारलं, "ते तुझं आणि त्याचं. माझ्याकडून का वदवलंस?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुझं सगळे ऐकतात."

आशा, मी याला पाळण्यात असल्यापासून ओळखते. ताप आला तर ओल्या फडक्यानं पुसून काढलाय. त्यानं माझाच पाट मला दाखवून मला त्यात घातलं. मला वाचता येत नाही. आयुष्यभर कोणी वाचून दाखवलं ते खरं मानलं, सातबारा असो की औषधाची बाटली. कधी मनात आलं नाही की वाचणारा मधे थांबून दुसरंच सांगेल. तेही माझ्याच भाषेत.

मी त्याला म्हटलं, "आल्बिनाकडे चल. माझ्यासमोर सांग."

"आजी, घराची अब्रू आहे."

"ती तर तू बेचाळीसला अडकवलीस."

तो आला नाही.

२६ ऑक्टोबर

सुरुचीला घेऊन आल्बिनाकडे गेले. चालत गेले, गुडघे रस्ताभर मला शिव्या देत होते. फर्डिनंडही घरी होता. मी सगळं सांगितलं. चूक स्वरूपची नाही. माझ्या विघ्नेशनं मुद्दाम केलं, आणि मी न बघता तुला खोटं सांगितलं, आल्बिना.

 तिच्या दारात कोंबड्या होत्या, त्यांना आधी तिनं दाणे टाकले. मग म्हणाली, "सुभद्रा, त्या दिवशीही तू अशीच बसून सांगितलंस. असंच माझ्या डोळ्यांत बघून. आता मी कुठलं खरं धरू?"



फर्डिनंड म्हणाला, "सुभद्राआजी, मला आत कोण बसलं, कोण उठलं, त्यातलं कळत नाही. मला लेबल बरोबर हवं. विघ्नेशनं आता लेबलाचाही स्वतःचा प्रोग्राम घातलाय, तो चालतोय. चालतं ते मी परत बंद करू का? गिऱ्हाईक आत्ताच शांत झालंय." मग जरा खालच्या आवाजात, "स्वरूपला सांग, मी बोललो ते विसर म्हणावं."

झालं. मी पाट मोकळा करायला गेले, तर पाणी केव्हाच दुसरीकडे लागलं होतं, आणि तिथलीच केळी हिरवी झाली होती.

आल्बिनानं निघताना पाणी दिलं, पण दारापर्यंत आली नाही. एरवी फाटकापर्यंत येते आणि तिथे आम्ही अर्धा तास बोलतो.

२८ ऑक्टोबर

विरारला गेले, रिक्षानं. सुरुची बरोबर होती. तिला म्हटलं घरीच राहा, तर म्हणाली, मलाही त्याला तोंड दाखवायचंय.

क्लास एका इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. खाली केस कापायचं दुकान. स्वरूप पोरांना शिकवत होता, आम्हाला बघून बाहेर आला. वाळलाय. शर्टाला इस्त्री होती, म्हणजे स्वतः करतो. आम्हाला समोरच्या हॉटेलात नेलं आणि माझा चहा बशीत ओतून पुढे ठेवला, लहानपणी मी त्याच्या पुढ्यात ठेवायची तसा.

मी सगळं सांगितलं. आल्बिनाकडे गेले तेही.

"कळलं," तो म्हणाला. "फर्डिनंडभाईंनी निरोप दिला."

"मग चल घरी."

"नको आजी."

"विघ्नेशला मी बोललेय. आणखी बोलेन. माडी तुझीही आहे."

सुरुची मधेच म्हणाली, "भावजी, मला माहीत होतं. मी बोलले नाही." त्यानं तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. तिला तेवढं पुरलं असावं, तिनं पदर डोळ्यांना लावला.

मला पुरलं नाही. मी म्हटलं, "एवढा राग धरू नये माणसानं. भाऊ आहे."

"दादाचा राग नाही आजी. त्यानं केलं ते मला एका रात्रीत सापडलं. मी तिकडे जाऊन ओळ घालून दिली असती, विषय मिटला असता." तो बशीकडे बघत होता. "मी तुझ्या खाटेशी आलो होतो ना सकाळी. मी तुला सांगणार होतो. तू मला एकदा तरी विचारायचंस की काय झालं. तू सगळं त्याच्याकडून घेतलंस, आणि तेच आल्बिनामावशीला दिलंस."

हॉटेलातला माणूस पैसे मागायला आला म्हणून बरं झालं. स्वरूपनं दिले, मला देऊ दिले नाहीत.

आशा, इतके दिवस मी म्हणत होते, मला फसवलं, मला फसवलं. रिक्षात बसल्यावर वाटलं, त्या पोराच्या बाजूनं बघितलं तर फसवणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव कोणाचं येईल? सुरुची म्हणाली, आजी हे नका लिहायला सांगू. मी म्हटलं, तू तर म्हणालीस, सांगितलं तस्संच लिहितेस.

३१ ऑक्टोबर

तुझा फोन आला होता शेजारी. तुझ्या आर्याची परीक्षा, म्हणून दिवाळीला येत नाहीस. तू विचारलंस, "सगळे बरे आहेत ना?" मी म्हटलं बरे आहेत. फोनवर दहा माणसं ऐकत असतात. म्हणून ही वही बॅप्टिस्टच्या हाती पाठवतेय, तो केळी घेऊन नाशिकला येतोय. वाचून झाली की परत पाठव, आणि कोणाला दाखवू नकोस. श्रीरंगला मी माझ्या तोंडानं सांगेन, दिवाळी झाली की.

विघ्नेश सकाळ-संध्याकाळ विचारतो, आजी जेवलीस का. जेवते. मी काही उपाशी बसणारी नाही. पण तो तेलाची वाटी घेऊन आला की मी पाय आत ओढून घेते. परवा म्हणाला, "किती दिवस असं?" मी म्हटलं, "तुझ्या यंत्राला विचार. मला मोजता येत नाही." त्याला सांगितलंय, स्वरूपकडे जा आणि त्याच्या क्लासातल्या पोरांसमोर सांग काय केलंस ते. अजून गेला नाही. रोज स्कूटर काढतो आणि सातिवलीच्या बाजूला वळतो.

सुरुची आता माडीवर जात नाही. दुपारी माझ्याजवळ बसते. काल पाटीवर माझं नाव काढून दाखवलं. सुभद्रा. खालती द्रा लोंबकळतोय. मी म्हटलं, या वयात? तर म्हणाली, "निदान मी काय लिहिते ते बघता येईल." बोलायला लागलीय पोरगी.

आता तुझ्या कामाचं. फराळ करशील तो इथे पाठवू नकोस, यंदा या घरात कोणाच्या घशाखाली उतरणार नाही. विरारला स्वरूपकडे पाठव, पत्ता सुरुचीनं खाली घातलाय. तू त्याची मावशी, तुझ्याकडचं तो घेईल. माझ्याकडचं घेईल की नाही मला माहीत नाही, म्हणून मी पाठवत नाही. चिवडा, चकली, बेसनाचे लाडू, असं कोरडंच पाठव, त्याच्याकडे अजून भांडी नाहीत. लाडूत वेलची कमी घाल. आणि तुझी नेहमीची सवय आहे म्हणून सांगते, डबा परत मागू नकोस.